परत येणार, कशावरून?

'व्हिसा' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'पाहिलेला'. सीमेवरच्या अंमलदाराने प्रवाशाचा कागद पाहिला आणि तसा शेरा मारला, एवढेच त्या शब्दाच्या पोटात आहे. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांतही 'दस्तक' आणि 'राहदारी' हे शब्द जागोजाग भेटतात. वर्गात ऐतिहासिक पत्रे शिकवताना हे शब्द आले, की मी मुलांना सांगतो, 'हा त्या वेळचा पासपोर्ट समजा.' मुले हसतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात.

माझे गाव धर्मापुरी. बीड जिल्ह्यातले, परळी आणि अंबाजोगाई यांच्या शेजारचे. केदारेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आणि जुना किल्ला ही गावाची दौलत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि शेजारचा नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, इंग्रजी मुलखात होता. मध्ये करोडगिरीचा नाका. आमच्या आजोबांच्या गोष्टींत हा नाका नेहमी येई. तिथे गाठोडे सोडायला लावीत, जकात घेत, वेळ काढीत. पण 'तू परत येणार ना?' असे कोणी कोणाला विचारल्याचे त्या गोष्टींत कधी ऐकले नाही.

तो काळ एकूणच मोकळा होता. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' 1960 साली पुस्तकरूपाने आली. ती वाचून ज्यांनी मनाने विलायतेची वारी केली, त्यांना कदाचित आठवत नसेल, की त्या काळी भारतीय नागरिकाला इंग्लंडात जायला व्हिसा लागतच नसे. राष्ट्रकुलातल्या लोकांवर तिथे पहिले निर्बंध 1962 च्या कायद्याने आले. साध्या पाहुण्याला व्हिसाची सक्ती झाली ती 1986 साली. आपल्या बाजूने पाहिले तर दार उलट रुंदच झाले. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली निकाल दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. पासपोर्टचा कायदा त्याच वर्षी झाला. म्हणजे आपला उंबरठा ओलांडणे हा हक्क. दुसऱ्याच्या उंबरठ्याच्या आत जाणे मात्र त्या घरच्या मर्जीवर.

ही मर्जी माझ्या चुलत्यांवर झाली नाही, तिची ही हकीकत.

तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. वय सदुसष्ट. गावाच्या शिवारात सहा एकर जमीन. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल त्या वर्षी हरभरा. त्यांची एकुलती एक मुलगी नवऱ्याबरोबर युरोपात असते. देशाचे नाव लिहीत नाही; हकीकत कोणत्याही देशाची असू शकली असती. 2024 च्या दिवाळीत तिने फोनवर आईला गोड बातमी दिली. एप्रिलच्या मध्याला दिवस भरणार होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत. पण तिला तिकडून हलता येत नव्हते, तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचे ठरले. काकूंनी त्याच आठवड्यात डिंक आणला. हळीव, ओवा, बाळंतशेपा यांच्या पुड्या डब्यात भरून ठेवल्या. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवायला बसल्या.

अर्जाचे काम एका एजंटाकडे सोपवले गेले. डिसेंबरात अर्ज गेला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट परत आले. आत व्हिसा नव्हता. होता एक छापील कागद, त्यावर चौकोनांची रांग आणि दोन चौकोनांत खुणा.

गावात बातमी पसरायला संध्याकाळ लागली नाही. 'तात्या व्हिसात नापास झाले,' असे एकाने म्हटले. 'काहीतरी केस निघाली असंल,' असे दुसऱ्याने. चाळीस वर्षे ज्यांनी गावाच्या मुलांना पास-नापास केले, त्यांना हा शब्द कसा लागला असेल! तात्यांनी देवळाच्या ओट्यावर जाणे बंद केले. काकूंनी डबा माळ्यावर ठेवला. मुलगी रोज फोनवर समजूत घाली आणि फोन ठेवला की तिकडे रडे, हे जावयाने मला सांगितले.

रविवारी मी गेलो तेव्हा तात्यांनी तो कागद माझ्या हातात दिला.

"तू एम. ए. ना? वाच. मोठ्यानं वाच. काय म्हणायचंय त्यांना?"

मी वाचले. पहिल्या खुणेचा अर्थ असा, की प्रवासाच्या हेतूबद्दल आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती भरवशाची वाटत नाही. दुसरीचा अर्थ, व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही देश सोडून परत जाल याबद्दल रास्त शंका आहे.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईच्या आजारपणात अंबाजोगाईच्या दवाखान्यात अकरा रात्री काढल्या. तेवढ्याच सलग रात्री मी गावाबाहेर राहिलो असेन. आणि मी परत येणार नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण कागद पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. तो कागद तात्यांना उद्देशून असला तरी तात्यांविषयी नव्हता. तो एजंटाने तयार केलेल्या फाईलविषयी होता. तेव्हा मी ती फाईल मागवली.

ती उघडल्यावर मला त्या अनोळखी अंमलदाराची बाजू पटू लागली. अर्जात प्रवासाचा हेतू 'पर्यटन' लिहिला होता. पाच शहरांतल्या हॉटेलांच्या नोंदी जोडल्या होत्या. त्यांतल्या एकाही शहरात मुलगी राहत नाही. मुदत अठ्ठ्याऐंशी दिवसांची, कारण नियमाने नव्वदपर्यंत मिळतात आणि 'मागताना पोट भरून मागावं' हे एजंटाचे तत्त्वज्ञान. मुलीचा उल्लेख पुरवणीत एका ओळीचा. तात्यांच्या खात्यात अर्जाच्या दहा दिवस आधी पाच लाख रुपये एकदम जमा झालेले. ते काकूंच्या भावाकडून उसने आणून, एजंटाच्याच सल्ल्याने, 'दाखवायला' भरले होते. शेताचा सातबारा होता, पण नुसता मराठीत. सदुसष्ट वर्षांचे एक शेतकरी शिक्षक पत्नीसह तीन महिने पाच शहरांतली प्रेक्षणीय स्थळे पाहत हॉटेलांतून हिंडणार, आणि तेही आठवड्यापूर्वी कुठून तरी आलेल्या पैशांवर! कोणालाही शंका यावी. मलाही आली असती.

येथे वाचकांसाठी थोडी माहिती. युरोपातल्या 29 देशांचा मिळून जो शेंगेन व्हिसा आहे, त्याच्या नियमानुसार नकाराचे कारण ठरावीक नमुन्यावर लेखी द्यावेच लागते. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे अपिलाचा हक्कही असतो. अमेरिकेचे तसे नाही. तिथला 1952 चा कायदा असे धरूनच चालतो, की पाहुणा म्हणून येणारा प्रत्येक जण कायमचा राहायला आला आहे. तसे नाही हे त्याने दाखवायचे. मुलाखत दोन-चार मिनिटांची, अपील नाही, पुन्हा अर्ज मात्र करता येतो. ब्रिटनमध्येही पाहुण्याच्या व्हिसाला अपील नाही, नवा अर्ज आहे. फी सगळीकडे बुडते. शेंगेनची जून 2024 पासून माणशी 90 युरो आहे. म्हणजे तेव्हाच्या दराने आपले आठ-नऊ हजार रुपये.

अपील की नवा अर्ज? लोक रागाच्या भरात अपिलाकडे धावतात. माझ्या मते फाईलमध्ये कागद होता आणि अंमलदाराने तो पाहिला नाही, अशी खात्री असेल तरच अपील करावे. कागदच नव्हता, किंवा होता तो चुकीचे सांगत होता, तर अपिलात काय मांडणार? शिवाय अपिलाला महिने लागतात आणि बाळ थांबत नाही. जर्मनीने तर आपल्या वकिलातींकडे फेरविचार मागण्याची जी जुनी सोय होती, ती 1 जुलै 2025 पासून बंदच केली. तिथे आता कोर्ट, नाहीतर नवा अर्ज.

आम्ही नव्या अर्जाचे ठरवले. एजंटाला कळले तसा तो धावत आला. या वेळी तो 'पक्के काम' करून देणार होता: एका कंपनीत तात्या सल्लागार असल्याचे पत्र, तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रे, सगळे तयार. तात्यांनी त्याला चहा दिला, आणि म्हणाले, "चाळीस वर्षं हजेरीपट ठेवला बाबा. न आलेल्या पोराची हजेरी कधी लावली नाही. आता स्वतःची लावू?" व्यवहाराच्या दृष्टीनेही ते बरोबर होते. ब्रिटनसारखा देश खोटा कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंत दार बंद करतो. साधा नकार त्यापुढे काहीच नाही. शेंगेनमध्ये नकाराची नोंद पाच वर्षे संगणकात राहते आणि पुढचा अंमलदार ती पाहतोच. म्हणून ती लपवण्यात अर्थ नसतो. पण ती नोंद म्हणजे बंदी नव्हे. दुसऱ्या दिवशीसुद्धा अर्ज करता येतो.

नोंदींवरून आठवले. आपल्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. देश सोडावा लागला, पुढे ते मेक्सिकोत स्थायिक झाले, तिथल्या चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या संशोधनासाठी नावाजले गेले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तर स्वतंत्र भारताच्या सरकारने आधी व्हिसा नाकारला! कारण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते. ज्या इंग्रजांविरुद्ध लढले ते निघून गेले, यादी मात्र कपाटात बसून राहिली. पुढे तो निर्णय फिरला, 1949 साली ते भारतात आले, 1955 नंतर नागपुरात राहिले आणि 1967 साली तिथेच वारले. तात्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा जरा सावरून बसले. "म्हणजे खानखोज्यांनाही नापास केलं होतं म्हण की!"

कामाला तीन आठवडे लागले. सगळ्यात आधी हेतू बदलला, म्हणजे खरा लिहिला: मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या घरी मुक्काम. हॉटेले गेली. मुलीने तिकडच्या कचेरीतून पाहुण्यांची जबाबदारी घेतल्याचा रीतसर दाखला काढला. ही पद्धत देशोदेशी वेगळी असते. फ्रान्समध्ये तो नगरपालिकेतून घ्यावा लागतो, जर्मनीत परदेशी नागरिकांच्या कचेरीतून. सोबत तिचा राहण्याचा परवाना, पगाराचे कागद, घराचा करार आणि डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख.

आणि इथे आमच्या मराठी नावांनी घोळ घातला. मुलगी तात्यांचीच, हे सिद्ध कशाने करायचे? ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नुसते 'मुलगी' एवढेच. शाळेच्या दाखल्यावर तिचे पाळण्यातले नाव, पुढे वडिलांचे, पुढे आमचे आडनाव. लग्नात सासरच्यांनी हौसेने तांदळात नवे नाव लिहिले आणि पासपोर्ट त्याच नावाने निघाला: नवे नाव, नवऱ्याचे नाव, नवऱ्याचे आडनाव. युरोपातल्या अंमलदाराने हे तीन कागद शेजारी ठेवले तर त्याला तीन वेगळ्या बाया दिसाव्यात! एका मुलीच्या आयुष्यात तिची तिन्ही नावे बदलतात आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही, हे मला वीस वर्षे मराठी शिकवूनही या फाईलने शिकवले. तोड सापडली ती पासपोर्टच्या शेवटच्या पानावर. तिथे आईवडिलांची आणि नवऱ्याची नावे छापलेली होती. एजंटाने पहिल्या पानाचीच प्रत जोडली होती. शेवटचे पान, विवाहनोंदणीचा दाखला आणि शाळेचा दाखला अशी साखळी लावली.

पैशांचे सोपे होते. पाच लाख ज्यांचे त्यांना परत गेले. आता खात्याच्या उताऱ्यात ते आलेले आणि गेलेले, दोन्ही दिसत होते. ते का आले व का गेले, हे अर्जासोबतच्या पत्रात दोन वाक्यांत सांगितले. उरली दर महिन्याची पेन्शन. रक्कम मोठी नाही, पण सहा महिन्यांच्या उताऱ्यात ती घड्याळासारखी येत होती. तिकिटे आणि 30,000 युरोंचा सक्तीचा वैद्यकीय विमा, यांचा खर्च मुलगी करणार असल्याचे लिहून दिले.

खरी अडचण दुसऱ्या चौकोनाची. परत येणार, हे दाखवायचे कसे? नोकरदार माणूस रजेचा मंजुरीपत्र जोडतो. शेतकऱ्याला रजा कोण देतो? मी तात्यांना विचारले, "तुम्ही परत का येणार?"

"का म्हणजे? इथं राहतो म्हणून."

"ते कागदावर कसं दाखवायचं?"

मग एकेक गोष्ट निघू लागली. सातबारा आणि आठ-अ चे अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घेतले. ऑनलाइन सही असलेला सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, भाषांतराला मात्र बरेच पडले. हेक्टर आणि आर परदेशी माणसाला कळतात, 'भोगवटादार' कळत नाही. तिथे 'जमिनीचा मालक' असे सरळ लिहिले. पीकपेऱ्याची पाने जोडली. पेन्शनीचा हुकूम जोडला, आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो हेही नमूद केले. तात्या म्हणाले, "सरकारला दर साल सांगतो की जिवंत आहे. आता यांना सांगायचं की परत येणार आहे. माणूस समोर उभा असून उपयोग नाही म्हणायचा."

मुदतही बदलली. अठ्ठ्याऐंशी दिवसांऐवजी पंचेचाळीस: एप्रिलची दहा ते मेची चोवीस. हे अंमलदाराला खूश करण्यासाठी नव्हते. मार्चात हरभऱ्याची रास व्हायची असते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतो. त्याआधी रान तयार लागते. पहिल्या अर्जातल्या तारखा तात्यांना कोणी विचारल्याच नव्हत्या. पत्रात आम्ही हेच लिहिले: हरभरा घरात आल्यावर निघणार, पेरणीपूर्वी परतणार. तात्यांना पत्रात अपमानाचा एक परिच्छेद हवा होता. त्यावर आमचा चांगला तासभर वाद झाला. शेवटी तो परिच्छेद त्यांनी माझ्या वहीत लिहून ठेवला, पत्रात घातला नाही. पत्र एका पानात बसले. पहिला नकार केव्हा मिळाला, त्यातली दोन कारणे कोणती आणि त्यांना उत्तर देणारे कागद कोणत्या पानावर आहेत, एवढेच त्यात होते. फाईल मात्र दासोपंतांच्या पासोडीशी स्पर्धा करील एवढी झाली. अंबाजोगाईच्या त्या थोर पुरुषाने चाळीस फूट लांब कापडावर ग्रंथ लिहिला. आम्ही कागदावर भागवले.

फेब्रुवारीत रात्रीच्या गाडीने आम्ही तिघे गेलो. बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागले नाहीत. एकदा दिलेले 59 महिने चालतात. खिडकीवरच्या मुलीने कागद घेतले, फी घेतली, दहा मिनिटांत बाहेर. काकूंना वाटले होते कोणीतरी साहेब समोर बसवून विचारील. त्यांनी वाटेत उत्तरांची उजळणीही केली होती. "येवढ्या लांब आलो, कुणी तोंडबी बघितलं नाही," त्या म्हणाल्या.

अकराव्या दिवशी पासपोर्ट आले. व्हिसा दोघांनाही मिळाला होता, एकदाच प्रवेशाचा, दिवस मागितले होते तेवढेच. नातू सोळा एप्रिलला झाला. डिंकाचे लाडू इथल्या विमानतळावर एकदा आणि तिकडे उतरल्यावर एकदा, असे दोनदा तपासले गेले, पण पोचले. बाराव्या दिवशी बारसे झाले. तिकडचे शेजारी तात्यांना 'शिक्षक' म्हणून मान देत आणि त्यांच्या धोतराकडे कौतुकाने पाहत. मेची पंचवीस तारीख उजाडली तेव्हा दोघे धर्मापुरीत होते. दुसऱ्या दिवशी तात्या शेतावर गेले आणि संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर.

तेव्हापासून आसपासच्या गावांतले लोक असे कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी वकील नव्हे, एजंटही नव्हे. फार तर वाचून सांगतो. बहुतेकांनी नकाराचे पत्र नीट वाचलेलेच नसते. काहींनी तर रागाने फाडलेले असते, आणि मग उत्तर नेमके कशाला द्यायचे हे कोणालाच कळत नाही. सध्या माझ्या टेबलावर परळीकडच्या एका विधवा बाईंचे पत्र आहे. मुलाकडे जायचे आहे, एकाच चौकोनात खूण आहे, खर्चाच्या सोयीची. मुलाने आपल्या पगाराचे कागद पाठवले होते. पण खर्च तो करणार, असे त्याने कुठेही लिहून दिलेले नाही. त्याला काल निरोप धाडला आहे. बाई रविवारी येणार आहेत.